एक बादली समुद्र

समजा, तुम्ही एका जहाजावर आहात. सकाळचे सहा वाजलेत आणि चहूकडे नुसतं पाणीच पाणी. कप्तानाने तुमच्या हातात तीन वस्तू दिल्या आहेत : दोर बांधलेली बादली, तापमापक आणि नोंदवही. काम अगदी सोपं. विहिरीत पोहरा सोडतात तशी बादली समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात तापमापक बुडवायचा आणि दिसेल तो आकडा वहीत लिहायचा.

झालं की समुद्राचं तापमान मोजून!

नाही बरं का, दोस्तांनो! तुम्ही मोजलंत ते बादलीतल्या पाण्याचं तापमान. समुद्रातून डेकवर येईपर्यंत ते पाणी थोडंसं बदललेलं असतं. किती बदललं, कशामुळे बदललं आणि आता खरा आकडा कसा शोधायचा? या प्रश्नांचा माग शास्त्रज्ञ दीडशे वर्षांहून अधिक काळ काढत आहेत. या गोष्टीत कापडी बादल्या आहेत, महायुद्ध आहे, हरवलेले दशांश आहेत आणि पतंगाच्या फिरकीसारखं एक गमतीदार यंत्रसुद्धा आहे.

एवढी उठाठेव कशासाठी?

उष्णता साठवण्यात पाण्याचा हात कुणी धरू शकत नाही. समुद्राचा अगदी वरचा, जेमतेम तीन मीटरचा थर घ्या. म्हणजे एका मजल्याच्या उंचीएवढं पाणी. हा थर एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, साधारण तेवढ्याच उष्णतेत आपल्या डोक्यावरचं सगळंच्या सगळं वातावरण एका अंशाने तापेल! आणि समुद्र तर सरासरी साडेतीन किलोमीटरांहून अधिक खोल आहे. पृथ्वीवर सध्या जी जास्तीची उष्णता साठते आहे, तिच्यातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्राने पोटात घेतली आहे. पृथ्वी किती तापली हे जाणून घ्यायचं, तर समुद्रालाच विचारायला हवं.

आता एक आकडा लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या मानाने आज समुद्राचा पृष्ठभाग सरासरी एका अंशापेक्षा थोडा कमीच तापलाय. मग आपल्या बादलीनेच अर्ध्या अंशाची चूक केली तर? सगळा हिशेबच कोलमडेल.

तापमानाइतकंच महत्त्वाचं असतं मीठ. समुद्राच्या हजार ग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. भूगोलाच्या पुस्तकात याला 'क्षारता' म्हणतात. पाणी जितकं थंड आणि जितकं खारट, तितकं ते जड. जड पाणी खाली बुडतं, हलकं वर तरंगतं आणि यातूनच समुद्रातले खोल प्रवाह वाहतात. म्हणून तापमान आणि क्षारता ही जोडगोळी नेहमी एकत्र मोजतात.

तापमापकाला दिसलेली नदी

१७७५ साली बेंजामिन फ्रँकलिन लंडनहून अमेरिकेला जहाजाने परतत होते. हो, पतंग आणि विजेच्या प्रयोगासाठी प्रसिद्ध असलेले तेच फ्रँकलिन! प्रवासात ते दिवसातून दोन ते चार वेळा समुद्राच्या पाण्याचं तापमान पाहायचे. जहाज 'गल्फ स्ट्रीम' नावाच्या उबदार प्रवाहात शिरलं की आकडा चढायचा, बाहेर पडलं की उतरायचा. पाण्यातून वाहणारी पाण्याची नदी! डोळ्यांना ती सहज दिसत नव्हती, पण तापमापकाला दिसली.

पुढे अमेरिकी नौदलातल्या मॅथ्यू मोरी यांनी जहाजांच्या जुन्या नोंदवह्या गोळा केल्या. वारा, प्रवाह, तापमान असा केवढा तरी खजिना त्या वह्यांमध्ये पडून होता. पण प्रत्येक कप्तान आपल्या मनाप्रमाणे लिहायचा. म्हणून १८५३ साली ब्रुसेल्स शहरात अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि ठरलं, की सगळ्या जहाजांनी एकाच नमुन्याच्या तक्त्यात नोंदी लिहायच्या. तेव्हापासून जगभरचे खलाशी समुद्राची एकच मोठी वही मिळून लिहू लागले.

बादली की छागल?

आता आपल्या बादलीकडे वळू. सुरुवातीला बादल्या लाकडी असत. पुढे कॅनव्हासच्या, म्हणजे जाड कापडाच्या बादल्या आल्या. हलक्या, घडी करता येणाऱ्या, जहाजाच्या अंगावर आपटल्या तरी न फुटणाऱ्या. खलाशी खूश!

पण घरी आजोबांना विचारा, 'छागल' म्हणजे काय हो? ते सांगतील, पूर्वी उन्हाळ्यात प्रवासाला निघताना जाड कापडाची पाण्याची पिशवी बरोबर घ्यायचे आणि गाडीच्या बाहेर टांगायचे. कापडातून पाणी झिरपायचं, वाऱ्याने त्याची वाफ व्हायची. ही वाफ होताना उष्णता लागते आणि ती उष्णता आतल्या पाण्यातूनच घेतली जाते. म्हणून भर उन्हात छागलीतलं पाणी थंडगार! मातीचा माठही हेच करतो.

मग कॅनव्हासची बादली म्हणजे दुसरं काय? छागलच की! डेकवर वारा सुटलेला, बादली बाहेरून ओलीचिंब. खलाशी तापमापक बुडवून दोन-चार मिनिटं थांबला, की तेवढ्यात पाणी गार व्हायला लागलंच. लाकडी बादलीत ही चूक कमी, कापडी बादलीत जास्त.

मग या जुन्या नोंदी फेकून द्यायच्या? छे! ब्रिटनमधल्या ख्रिस फोलंड आणि डेव्हिड पार्कर यांनी बादलीचंच गणित मांडलं. बादली केवढी? कापडी की लाकडी? वारा किती? ऊन किती? हवा दमट की कोरडी? पाणी वर ओढल्यापासून आकडा वाचेपर्यंत किती मिनिटं गेली? या सगळ्यावरून पाणी किती गार झालं असेल ते काढता येतं. तेवढं परत मिळवलं, की समुद्राच्या खऱ्या तापमानाजवळ पोचता येतं. १९९५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. चूक कशी होते ते कळलं, तर चुकीच्या आकड्यातूनसुद्धा खरा आकडा शोधता येतो. केवढी छान गोष्ट आहे ही!

१९४५ साली समुद्र अचानक गार झाला?

आता एक खरीखुरी हेरकथा. जगभरच्या समुद्राच्या तापमानाचा आलेख काढला, तेव्हा १९४५ साली एक विचित्र पायरी दिसली. तापमान एकदम सुमारे ०.३ अंशांनी खाली! जमिनीवरच्या तापमानात मात्र असं काही नव्हतं. काही महिन्यांत सगळे महासागर असे गार होतील? शक्यच नाही. मग बदललं तरी काय?

१९४५ म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं ते वर्ष. शास्त्रज्ञांनी नोंदी कुणाच्या होत्या ते तपासलं. युद्ध चालू असताना, १९४२ ते ऑगस्ट १९४५ या काळात सुमारे ८० टक्के नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या. ब्रिटिश जहाजांच्या जेमतेम ५ टक्के. युद्ध थांबताच ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या आणि निम्म्याच्या आसपास पोचल्या.

पण देश बदलला म्हणून तापमान कसं बदलेल? धागा इथेच सापडला. दोन्ही देशांची मोजायची पद्धत वेगळी होती! जहाजाचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी नळातून आत घेतात. अमेरिकी जहाजं बहुतेक वेळा या नळातल्या पाण्याचं तापमान लिहायची. इंजिनखोली म्हणजे भट्टीच, त्यामुळे तो आकडा थोडा जास्त यायचा. ब्रिटिश जहाजं मात्र बादली वापरायची आणि बादलीचा आकडा थोडा कमी येतो हे आपण पाहिलंच. म्हणजे 'जास्त' सांगणारे कमी झाले, 'कमी' सांगणारे वाढले आणि आलेखात पायरी पडली. समुद्र बिचारा होता तिथेच होता! ही उकल २००८ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे युद्ध संपल्यावर ६३ वर्षांनी.

हरवलेले दशांश

दुसरी हेरकथा जपानी जहाजांची. १९३० च्या दशकात पॅसिफिक महासागरात जपानच्या जहाजांनी भरपूर नोंदी केल्या. २०१९ साली संशोधकांच्या लक्षात आलं, की यातल्या काही नोंदी शेजारून गेलेल्या इतर जहाजांपेक्षा सतत गार आहेत. सगळेच खलाशी एकाच बाजूला कसे चुकतील? शोध घेतला तेव्हा कळलं, की जुन्या वह्यांतले आकडे नंतर पुन्हा उतरवून घेताना दशांश चिन्हानंतरचा अंक सोडून दिला होता. २१.७ चे झाले २१ आणि २१.२ चेही झाले २१.

आता वही-पेन्सिल घ्या. शेवटचा अंक ० पासून ९ पर्यंत कोणताही असू शकतो. म्हणजे आपण ०.०, ०.१, ०.२ असं करत ०.९ पर्यंत काहीतरी गमावतो. या दहा आकड्यांची बेरीज ४.५. दहाने भागलं की सरासरी ०.४५. एक इवलासा अंक गाळला आणि समुद्र कागदावर जवळजवळ अर्ध्या अंशाने गार झाला! गणिताच्या बाई दशांशासाठी का ओरडतात ते आता समजलं ना?

खोल पाण्यातली कोलांटउडी

आत्तापर्यंत आपण फक्त वरचं पाणी पाहिलं. खालचं कसं मोजायचं? डिसेंबर १८७२ मध्ये 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज इंग्लंडमधून निघालं. साडेतीन वर्षं आणि सुमारे ६९ हजार सागरी मैल एवढा प्रवास करून ते १८७६ च्या मे महिन्यात परतलं. वाटेत ३६२ ठिकाणी थांबून त्यांनी समुद्र तपासला. लांबच लांब दोराला तापमापक बांधायचे आणि ते तासन् तास खाली सोडायचे, वर ओढायचे.

खोल पाण्यातली अडचण असते दाबाची. दर दहा मीटर खाली गेलं, की आपल्या हवेच्या दाबाएवढा दाब आणखी वाढतो. चार किलोमीटर खोलीवर सुमारे चारशे पट! त्या दाबाने तापमापकाची काच किंचित चेपते, आतला पारा वर सरकतो आणि पाणी आहे त्यापेक्षा उबदार वाटतं. म्हणून जहाज परतल्यावर एडिंबराचे प्राध्यापक पीटर टेट यांनी ते तापमापक प्रचंड दाबाखाली ठेवून तपासले. काय निघालं माहितेय? चूक होती, पण आधी वाटलं होतं त्यापेक्षा खूपच लहान. म्हणजे दुरुस्तीचीच दुरुस्ती करावी लागली!

त्याच सुमारास, १८७४ साली, लंडनच्या नेग्रेटी आणि झांब्रा या कंपनीने एक नवा तापमापक आणला. तो हव्या त्या खोलीवर चक्क कोलांटउडी मारायचा. उलटा झाला, की नळीतला पाऱ्याचा धागा एका अरुंद जागी तुटायचा आणि त्या क्षणाचं तापमान तसंच अडकून राहायचं. मग वर ओढताना वाटेत कितीही गरम किंवा गार पाणी लागो, आकडा हलायचा नाही. नंतर नॉर्वेचे धाडसी प्रवासी फ्रिट्‌यॉफ नान्सेन यांच्या नावाची बाटली आली. वरून दोरावर एक छोटं वजन सोडायचं. ते घरंगळत खाली जाऊन बाटलीला टपली मारायचं. टपली बसली की बाटली उलटी, तोंड बंद, तिला जोडलेल्या तापमापकाची कोलांटउडी आणि त्या खोलीवरचं पाणी आत कैद!

मीठ मोजायचं तरी कसं?

तुम्ही म्हणाल, सोपंय की! मिठागरात करतात तसं पाणी आटवायचं आणि उरलेलं मीठ तराजूत घालायचं. पण इथेही एक गोम आहे. पाणी पार कोरडं करताना काही घटक वायू होऊन उडून जातात, तर काही क्षार पाणी घट्ट धरून ठेवतात, सोडतच नाहीत. वजन चुकतं.

वाट सापडली ती चॅलेंजरच्या बाटल्यांमध्ये. विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने तपासले. पाणी कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. घराघरातल्या आमटीत मसाला कमी-जास्त असतो, पण मसाल्याचा डबा मात्र सगळीकडे एकच, तसंच हे! म्हणजे एकच घटक नीट मोजला, तरी बाकीच्यांचा हिशेब लागतो.

मग प्रश्न आला, मुंबईत मोजलेले ३५ आणि टोकियोत मोजलेले ३५ एकच कशावरून? दुकानातल्या वजनांवर सरकारी शिक्का असतो ना, तसा काहीतरी शिक्का इथेही हवा. डेन्मार्कचे मार्टिन क्नुडसेन यांनी तो दिला. समुद्राचं पाणी गाळून, नीट तपासून काचेच्या नळ्यांमध्ये हवाबंद केलं आणि ते जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवायला सुरुवात झाली. कित्येक वर्षं सगळे त्याला 'कोपनहेगनचं पाणी' म्हणायचे. आजही असं प्रमाणित पाणी तयार होतं, फक्त आता ते इंग्लंडमध्ये होतं. आपलं यंत्र बरोबर आहे का? आधी हे पाणी मोजून बघा!

आज क्षारता मोजतात विजेने. खारट पाण्यातून वीज जास्त सहज वाहते. पण पाणी गरम असलं तरीही वीज जास्त सहज वाहते! म्हणून तापमान चुकलं, की क्षारताही चुकते. बघा, म्हटलं होतं ना, ही जोडगोळी एकत्रच मोजावी लागते.

फिरकी आणि तांब्याची तार

खोल पाण्यात यंत्र सोडायचं तर जहाज थांबवावं लागतं. मालवाहू जहाजं थोडीच थांबणार? त्यांच्यासाठी १९६० च्या दशकात एक यंत्र आलं. त्याचं नाव 'एक्सबीटी'. दिसायला छोट्या बाँबसारखं, पुढच्या टोकाला तापमान ओळखणारा भाग, आणि पोटात केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. तशीच दुसरी गुंडाळी जहाजावर. पतंगाची फिरकी सुटते तशी तार दोन्हीकडून सुटत जाते. जहाज पुढे, यंत्र खाली, आणि तारेतून तापमान वर! साधारण सव्वा मिनिटात यंत्र साडेचारशे मीटर खोल जातं. मग तार तुटते आणि यंत्र समुद्राच्या तळाशी जातं. एकदाच वापरायचं, परत आणायचं नाही.

पण या यंत्राला आपण किती खोल आलो हे कळतच नाही! ते फक्त पडत राहतं. खोली काढतात घड्याळावरून : इतके सेकंद झाले, म्हणजे इतके मीटर. बनवणाऱ्यांनी तसं सूत्रच दिलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी एकाच जागी हे यंत्र आणि खोली खरोखर मोजणारं दुसरं यंत्र सोडून पाहिलं. तर काय? एक्सबीटी सूत्रात धरलं होतं त्यापेक्षा जास्त वेगाने पडत होतं! १९९५ साली दुरुस्ती ठरली : खोलीला १.०३३६ ने गुणा. म्हणजे वहीत ३०० मीटर लिहिलं असेल, तर यंत्र खरं होतं ३१० मीटरवर.

सोपं वाटतं ना? गुणलं की झालं. पण घोटाळा असा, की यंत्राचे प्रकार अनेक होते, काहींमध्ये नवं सूत्र आधीच वापरलेलं होतं, आणि कितीतरी नोंदींमध्ये कोणतं यंत्र वापरलं हे लिहिलेलंच नव्हतं. आकडा आहे, पण तो कसा आला ते नाही. अशा नोंदीला औषध द्यायचं तरी कोणतं?

जहाज पुण्यात!

आज जगभरातून येणाऱ्या नोंदी आधी संगणक तपासतो. चला, आपणही तपासू.

पहिली नोंद : जहाज १८.५ अंश उत्तर, ७३.९ अंश पूर्व. नकाशात बघा. अरे, हे तर पुणे! जहाज पुण्यात कसं येईल? बहुधा ७१.९ लिहायचं होतं. ते ठिकाण अलिबागच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात आहे. एक अंक चुकला आणि जहाज सह्याद्री ओलांडून गेलं!

दुसरी नोंद : बंगालच्या उपसागरात पाण्याचं तापमान ९२ अंश. त्यात अंडी उकडतील. कुणीतरी २९ उलटं लिहिलंय.

तिसरी नोंद : सहा तासांत मालवाहू जहाज हजार किलोमीटर गेलं. विमान आहे का ते?

चौथी नोंद : सगळीकडे २९, मध्येच एका ठिकाणी २६. ही चूकच, हो ना? थांबा! तिथून नुकतंच चक्रीवादळ गेलं असेल तर? वादळ पाणी घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे हा विचित्र आकडा खरा असू शकतो, आणि कदाचित तोच सगळ्यांत मोलाचा असतो.

म्हणूनच शास्त्रज्ञांचा एक नियम आहे. संशयास्पद आकडा पुसायचा नाही. त्याच्या शेजारी एक खूण करायची : १ म्हणजे चांगला, २ म्हणजे बहुधा चांगला, ३ म्हणजे बहुधा वाईट, ४ म्हणजे वाईट. मूळ आकडा तसाच ठेवायचा. न जाणो, उद्या कुणाला जास्त कळेल आणि आपली खूणच चुकीची ठरेल!

त्र्यंबकेश्वरचा पाऊस, उपसागराचं मीठ

आता आपल्या समुद्राकडे या. गोव्यात दोनापावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ रोजी ती स्थापन झाली. 'गवेषणी' हे तिचं जुनं संशोधन जहाज, 'सिंधू साधना' हे नवं. अशा जहाजांवरून बाटल्यांची एक मोठी चौकट समुद्रात सोडतात. तिच्यावर तापमान, क्षारता आणि दाब एकाच वेळी मोजणारं यंत्र असतं. चौकट वर येताना वेगवेगळ्या खोलींवर एकेक बाटली बंद होते. मग प्रयोगशाळेत बाटलीतलं पाणी आणि यंत्राचा आकडा यांची गाठ घालून देतात. किलोभर पाण्यात दोन-तीन मिलिग्रॅम मिठाचा फरकसुद्धा इथे पकडला जातो. तांदळाच्या एका दाण्याचं वजन याच्या आठ-दहा पट असतं!

चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या जहाजांवरूनही आपल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं एक्सबीटी सोडली आहेत.

अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोघे शेजारी, पण चवीला वेगळे. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता बऱ्याच भागात ३५ ते ३६ च्या आसपास, तर उपसागरात ती ३३ च्याही खाली जाते. कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी असं केवढं तरी गोडं पाणी उपसागरात येतं. त्यात आपलाही वाटा आहे बरं का! गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, कृष्णा महाबळेश्वरला. अरबी समुद्राच्या इतक्या जवळ जन्म घेऊनही दोघी पूर्वेकडे धावतात. नाशिकला पडलेल्या पावसाचा थेंब शेवटी बंगालच्या उपसागराचं मीठ कमी करतो.

हे हलकं, कमी खारट पाणी दुधावरच्या सायीसारखं वर तरंगतं आणि खालच्या गार पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे वरचा थर उबदार राहतो, आणि उबदार पाणी हे चक्रीवादळाचं खाद्य. म्हणून उपसागरातलं मीठ मोजणं म्हणजे माणसांचे जीव वाचवायला मदत करणं.

हे मीठ कुणी मोजून दिलं ठाऊक आहे? मच्छीमारांनी! २००५ पासून भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आठ ठिकाणी दर पाच दिवसांनी मच्छीमारांच्या मदतीने समुद्राचं पाणी बाटलीत भरून घेतलं गेलं. या साध्या बाटल्यांतून एक सुंदर गोष्ट उलगडली. पावसाळा संपला, की किनाऱ्याला लगटून सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा कमी खारट पाण्याचा पट्टा दक्षिणेकडे वाहत येतो. फ्रँकलिनना तापमापकाने समुद्रातली नदी दाखवली. आपल्या मच्छीमारांनी ती मिठावरून दाखवली.

करून पाहा

स्टीलचं भांडं, प्लास्टिकचा मग आणि छोटं मडकं घ्या. तिन्हींमध्ये एकाच बादलीतलं पाणी सारखं भरा. मडकं आदल्या रात्री भिजत घाला. तिन्ही भांडी पंख्याखाली ठेवा आणि दर दहा मिनिटांनी, एक तासभर तापमान लिहा. तापाचा थर्मामीटर इथे चालणार नाही, कारण तो साधारण ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक बाईंना विचारून आणा. कोणतं पाणी आधी गार झालं? का? जुन्या खलाशांची कॅनव्हासची बादली तुमच्या तिघांपैकी कुणाच्या जवळची?

आणि हो, नोंदवही कशी लिहायची तेही आता तुम्हाला माहीत आहे. २०१२ साली शास्त्रज्ञांनी चॅलेंजरच्या जुन्या नोंदी आजच्या स्वयंचलित तरंगत्या यंत्रांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. १३५ वर्षांत समुद्राचा वरचा ७०० मीटरचा थर सरासरी सुमारे ०.३३ अंशाने तापल्याचं दिसलं. एक तृतीयांश अंश! एवढासा फरक इतक्या वर्षांनी कळू शकला, कारण चॅलेंजरवरच्या माणसांनी आकड्याबरोबर ठिकाण, खोली आणि मोजायची रीतही लिहून ठेवली होती.

म्हणून दोस्तांनो, तुमच्या वहीत फक्त आकडा लिहू नका. तारीख, वेळ, जागा, भांडं कोणतं, तापमापक कोणता, सगळं लिहा. दशांश गाळू नका. आकडा चुकला, तर खोडरबर हातात घेऊ नका. त्यावर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि का बदलला तेही लिहा.